न्हावाशेवा ते मोम्बासा: चिनी रेल्वेचा हिशोब नेमका कोण चुकते करतो?

खाडीपलीकडचा (कोपरखैरणे)

नमस्कार. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रे पाहतो. आमचे पंपांचे सुटे भाग गेली अनेक वर्षे न्हावाशेव्याहून केनियाला जातात. पूर्वी बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर, माल उतरण्याचे बंदर आणि माल ताब्यात देण्याचे ठिकाण या दोन्ही रकान्यांत मी ‘मोम्बासा’ लिहीत असे. नैरोबीचे ग्राहक तिथे आपला माणूस पाठवून माल सोडवून घेत आणि ट्रकने आत नेत. 2018 च्या सुमारास त्यांनी दुसऱ्या रकान्यात ‘नैरोबी आयसीडी’, म्हणजे तिथला बंदरापासून दूर आत असलेला कंटेनर डेपो, असे लिहायला सांगितले. त्यानंतर माल सुटायला जास्त दिवस लागतात, रिकामा कंटेनर पुन्हा मोम्बासाला पोचवण्याचा खर्च अंगावर पडतो, अशा तक्रारी त्यांच्या ईमेलमधून येऊ लागल्या. 2022 च्या अखेरीस ‘आता मोम्बासा चालेल’ असा निरोप आला. मधल्या काळात काय घडले असे विचारले, तेव्हा मूळचे कच्छचे आणि तीन पिढ्यांपासून तिकडे राहणारे ते गृहस्थ एवढेच म्हणाले, की तो सगळा चिनी रेल्वेचा हिशोब आहे.

हा हिशोब मला समजून घ्यायचा आहे. संध्याकाळी रबाळ्याहून परतताना गाडीत एक स्नेही भेटतात. ते ठामपणे सांगतात की, चीन गरीब देशांना न झेपणारे कर्ज मुद्दाम देतो, हप्ता थकला की बंदर काढून घेतो, श्रीलंकेचे हंबनटोटा असेच गेले आणि आता मोम्बासाचा क्रमांक आहे. घणसोली येईपर्यंत त्यांचे म्हणणे मला पटलेले असते, पण कोपरखैरण्याचा जिना चढताना शंका येते. चीनला बंदरच हवे असेल, तर कोणता माल कुठे सोडवायचा असल्या बारीकसारीक सक्तीत त्याला काय रस असावा? आणि ती सक्ती केली कोणी, चीनने की केनियाच्याच सरकारने? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. ‘सगळे राजकारण आहे’ हे उत्तर गाडीत रोज मिळते.

जुना खातेदार (नौपाडा, ठाणे)

रकान्यातून निघालेला प्रश्न मला नेहमीच जवळचा वाटतो, कारण माझी नोकरीची बहुतेक वर्षे बँकेच्या परकीय चलन विभागात अशाच रकान्यांत गेली. उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

पहिल्यांदा आपल्या स्नेह्यांचे हंबनटोटा. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर बंदर बांधण्याची कल्पना चीनची नव्हती. ती तिथल्या राजकारण्यांची जुनी हौस होती, आणि 2003 मध्ये कॅनडाच्या व 2006 मध्ये डेन्मार्कच्या सल्लागार कंपनीने त्या बंदराचे अहवालही तयार केले होते. 2007 मध्ये चीनच्या एक्झिम बँकेने, म्हणजे आयात-निर्यातीसाठी कर्ज देणाऱ्या तिथल्या सरकारी बँकेने, पहिल्या टप्प्यासाठी 30.7 कोटी डॉलरचे कर्ज 6.3 टक्के व्याजाने दिले. 2010 मध्ये बंदराचे उद्घाटन झाले, पण कोलंबोसारखे बस्तान बसलेले बंदर त्याच बेटावर असताना पुरेशी जहाजे इकडे वळली नाहीत. 2017 मध्ये चायना मर्चंट्स पोर्ट या कंपनीने 112 कोटी डॉलर मोजून 99 वर्षांच्या कराराने बंदरातला बहुतांश वाटा घेतला. बहुतेक लेखांत गफलत होते ती इथे. या रकमेच्या बदल्यात बंदराचे कर्ज माफ झाले नाही. ते श्रीलंकेच्या तिजोरीवर तसेच राहिले आणि आलेले डॉलर परकीय गंगाजळीत जमा होऊन इतर देण्यांच्या कामी आले, कारण श्रीलंकेला खरी धाप लागली होती ती परदेशी बाजारात विकलेल्या सार्वभौम कर्जरोख्यांची. एप्रिल 2022 मध्ये तिने परतफेड थांबवली तेव्हाही परकीय कर्जातला सर्वात मोठा वाटा या रोख्यांचाच होता. म्हणजे एका सावकाराचे तोंड बंद करण्यासाठी दुसऱ्याला गोठा विकला, असा तो व्यवहार आहे. त्यात शहाणपण होते असे मी म्हणत नाही, परंतु ‘हप्ता थकला म्हणून जप्ती आली’ हे वर्णन त्याला लागू पडत नाही.

आता आपली रेल्वे. मोम्बासा ते नैरोबी ही सुमारे 470 किलोमीटरची प्रमाण रुंदीची रेल्वे 2017 च्या मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाली. तिच्यासाठी 2014 मध्ये चीनच्या एक्झिम बँकेशी दोन कर्जांचे करार झाले. त्यांतले सुमारे 160 कोटी डॉलरचे कर्ज सवलतीचे होते, म्हणजे 2 टक्के दराने 20 वर्षांत फेडायचे. जवळपास तेवढेच दुसरे कर्ज व्यापारी स्वरूपाचे होते. त्याचा दर लंडनच्या आंतरबँक दराहून 3.6 टक्के अधिक आणि मुदत 15 वर्षे. बांधकाम चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशनकडे होते. अशा कर्जात बँक सहसा कर्जदार देशाच्या हाती रोकड ठेवत नाही. काम पुढे सरकेल तसतसे ठेकेदाराचे बिल ती परस्पर चुकते करते. पैसा चीनमधल्या एका खात्यातून चीनमधल्याच दुसऱ्या खात्यात जातो. नैरोबीला पोचतात ते रूळ, आणि त्यांच्यामागोमाग हप्ता.

कर्जाचा प्रस्ताव टेबलावर आला की आम्ही तारणापेक्षा आधी वसुलीचा मार्ग पाहत असू, कारण तारण विकावे लागणे हे बँकेचेही अपयशच असते. या रेल्वेच्या वसुलीचा मार्ग असा आखला होता की, केनियाच्या बंदर प्राधिकरणाने रेल्वेला दरवर्षी ठरावीक माल देण्याची हमी द्यायची, आणि तेवढा माल भरला नाही तरी ठरलेले पैसे मोजायचे. आता व्यापाऱ्याला ट्रक सोयीचा वाटतो, कारण ट्रक गोदामाच्या दारात येतो. रेल्वेचा माल नैरोबीबाहेरच्या यार्डात उतरतो आणि तिथून पुन्हा ट्रक करावाच लागतो. व्यापारी आपण होऊन रेल्वेकडे वळेनात, तेव्हा नैरोबीकडे जाणारा आयात माल रेल्वेनेच न्यावा असा दट्ट्या सरकारने लावला. 2019 मध्ये मोम्बासाचे ट्रकमालक, गोदामवाले आणि त्यांच्यावर पोट असलेले लोक रस्त्यावर उतरले. सप्टेंबर 2022 मध्ये विल्यम रुटो राष्ट्राध्यक्ष झाले आणि माल सोडवण्याचे काम पुन्हा मोम्बासाला आणण्याचा आदेश त्यांनी लगेच दिला. आपल्या रकान्यातला ‘नैरोबी’ आला आणि गेला तो असा. सक्ती केनियाच्या सरकारचीच होती, पण ज्या करारांमुळे ती करावीशी वाटली, त्यांच्या दुसऱ्या टोकाला चीनची बँक होती.

यावर चलनाचा भार आहे तो वेगळाच. रेल्वेचे भाडे येते शिलिंगमध्ये आणि कर्ज होते डॉलरमध्ये. करार झाला तेव्हा एका डॉलरला 87-88 शिलिंग पडत. 2024 च्या सुरुवातीला तोच डॉलर 160 च्या घरात गेला. गाड्या भरून धावल्या असत्या तरी हा खड्डा भाड्याने भरला नसता.

एक काम मात्र आपण करावे. केनियाने 2013 पासून आयात मालावर रेल्वे विकास अधिभार लावला आहे. सुरुवातीला तो 1.5 टक्के होता आणि पुढे त्याचा दर वर-खाली होत राहिला. आपल्या ग्राहकाकडून एखाद्या जुन्या खेपेच्या आयात घोषणापत्राची प्रत मागवावी आणि करांच्या रकान्यांत तो शोधावा. हिशोब कोण चुकता करतो हे मी सांगण्यापेक्षा तो कागद बरे सांगेल.

पारसिक (कळवा)

जुना खातेदार साहेब, आपला हिशोब बिनचूक आहे, पण तो वाचून चीनची बँक म्हणजे आपल्या नाक्यावरची पतपेढी आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून लिहितो. ऑगस्ट 2022 मध्ये ‘युआन वांग 5’ हे उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढू शकणारे चिनी जहाज हंबनटोटाला येणार होते. भारताने चिंता व्यक्त केली, श्रीलंकेने चीनला भेट लांबवण्याची विनंती केली, आणि काही दिवसांतच परवानगी देऊन 16 ऑगस्टला जहाज धक्क्याला लागूही दिले. त्या वेळी श्रीलंका कर्जाची फेररचना मागत दारोदार फिरत होती आणि चीनच्या संमतीविना ती होणार नव्हती. सापळा हा शब्द आपल्याला मान्य नसेल तर नको, मिंधेपणा म्हणा. मिंध्या माणसाच्या दारावर कोणी जप्ती आणत नाही. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि एवढे घेणाऱ्याला पुरते.

पूर्व आफ्रिकेतल्या जिबुती या छोट्या देशातही आधी रेल्वे, बंदर आणि कर्ज आले आणि 2017 मध्ये चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ तिथे उभा राहिला. 2013 मध्ये शी जिनपिंग यांनी कझाकस्तानच्या अस्तानात, परदेशांत असे रस्ते, रेल्वे आणि बंदरे बांधण्याच्या ‘बेल्ट अँड रोड’ योजनेची घोषणा केली तेव्हा ती व्यापारमार्गाच्या भाषेत होती, परंतु तिचाच एक फाटा पाकव्याप्त काश्मीरमधून जातो, आणि म्हणूनच भारत 2017 च्या बीजिंग परिषदेला गेला नाही. या गोष्टी बँकेच्या वहीत दिसत नाहीत.

उरणकर (जासई)

मी बंदराच्या गावचा आहे, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. परदेशी कंपनी बंदर चालवते याचे आम्हाला अप्रूप नाही. न्हावाशेव्यात 1997 मध्ये पी अँड ओ या ऑस्ट्रेलिया-ब्रिटनच्या कंपनीच्या गटाला 30 वर्षांच्या कराराने टर्मिनल दिले गेले. 2006 मध्ये ती कंपनीच दुबईच्या डीपी वर्ल्डने विकत घेतली आणि टर्मिनल ओघाने दुबईकडे गेले. चौथे टर्मिनल सिंगापूरच्या पीएसएकडे आहे. जमीन बंदराची, यंत्रे त्यांची, उत्पन्नात बंदराचा वाटा, आणि मुदत संपली की सगळे परत, अशी ती पद्धत आहे. त्यामुळे हंबनटोटाचा विचार करताना माझी नजर ‘चिनी’ या शब्दापेक्षा ‘99 वर्षे’ या शब्दांवर जास्त रेंगाळते. 30 वर्षांचा करार ज्याने केला, त्याला तो संपताना पाहता येतो. 99 वर्षांचा करार नातवंडांच्याही वाट्याला येतो.

आणि जमीन. जानेवारी 2017 मध्ये हंबनटोटाच्या औद्योगिक क्षेत्राचे उद्घाटन होत असताना तिथले शेतकरी, बौद्ध भिक्खू आणि विरोधक रस्त्यावर आले, पोलिसांनी पाण्याचा मारा केला आणि अश्रुधूर सोडला. चर्चा 15,000 एकरांची होती. टीव्हीवर ती दृश्ये पाहताना आमच्या घरात कोणी बोलले नाही. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला इथे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबार झाला, पाच जण गेले. आमच्यापुढे तेव्हा चीन नव्हता, आपलेच सरकार होते. मात्र त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले, कारण भांडायला आपलाच आमदार होता, आपलीच विधानसभा होती. हंबनटोटाचा शेतकरी कोलंबोच्या सरकारशी भांडू शकतो. करार बदलायचा झाला तर त्याचे सरकार कोणाशी भांडणार?

पारसिकदादा, मिंधेपणा हा शब्द मला पटला.

तारेवरचा (घणसोली)

वीजवाहिन्या उभारणाऱ्या एका भारतीय कंपनीतर्फे मी तीन वर्षे इथिओपियात होतो. नाव त्यावरूनच घेतले आहे, आणि नोकरीही तशीच होती. चर्चेत एक गोष्ट सुटते आहे असे वाटते: आपणही हेच करतो, फक्त लहान प्रमाणावर. भारताची एक्झिम बँक सरकारच्या वतीने आफ्रिकी देशांना जी पतमर्यादा देते, तिच्यात साधारणपणे 75 टक्के माल आणि सेवा भारतातून घ्याव्या लागतात. त्या अटीमुळेच माझ्यासारख्याला तिकडे नोकरी मिळाली. इथिओपियाच्या साखर उद्योगासाठी भारताने 64 कोटी डॉलरची पतमर्यादा दिली होती, आणि अफार प्रांतातला टेंडाहोचा कारखाना वर्षानुवर्षे रखडला. साखर कारखान्यांच्या राज्यातून गेलेल्या माणसाला ते ऐकताना मान खाली घालावी लागे.

फरक आहे तो आवाक्याचा आणि वेगाचा. अदिस अबाबात 2015 मध्ये चिनी कर्जावर बांधलेली शहरी रेल्वे सुरू झाली, तेव्हा मी तिकीट काढून उगाच शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन आलो होतो. तिकीट रस्त्याकडेच्या छोट्या टपरीतून घ्यायचे, आणि डब्यात आपल्या सकाळी 8:40 च्या ठाणे लोकलसारखी गर्दी. लोक खरोखर खूश होते, हे लिहिले पाहिजे. दुसऱ्या कोणी त्यांना रेल्वे देऊ केलेली नव्हती. पुढे काही वर्षांतच 41 गाड्यांपैकी बऱ्याचशा सुट्या भागांअभावी उभ्या राहिल्या. सुटे भाग चीनमधून आणायचे तर डॉलर हवेत, आणि डॉलर तर हप्त्यालाही पुरत नव्हते. अदिस ते जिबुती या मोठ्या रेल्वेच्या कर्जाची मुदत 2018 मध्ये 10 वर्षांवरून 30 वर्षे करून घ्यावी लागली. तिथे कोणी जप्ती आणली नाही; धनकोने मुदत वाढवून दिली आणि वाट पाहिली.

घणसोलीत घराजवळ बुलेट ट्रेनच्या बोगद्याचे काम चालते, त्यावरून हटकून हे सगळे आठवते. ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटर जाणारा तो बोगदा ज्या प्रकल्पाचा भाग आहे, त्यालाही परदेशी कर्जच आहे, जपानचे, आणि तेही शिंकान्सेन तंत्राशी बांधलेले. परंतु त्याचा दर 0.1 टक्का आहे, मुदत 50 वर्षे, आणि पहिली 15 वर्षे मुद्दलाला हात लावायचा नाही. एखादा देश दुसऱ्याच्या पैशाने रेल्वे बांधतो यात लाज नाही. 15 वर्षांत फेडायच्या पैशाने, शंभर वर्षे चालायची गोष्ट बांधली, की मग ‘माल रेल्वेनेच न्या’ असे हुकूम काढावे लागतात.

जुना खातेदार (नौपाडा, ठाणे)

पारसिकराव, आपला आक्षेप मान्य. वहीत न दिसणाऱ्या देण्याबद्दल मी लिहायला हवे होते. माझा मुद्दा एवढाच होता की सापळा म्हटले की जाळे टाकणारा शहाणा आणि अडकणारा बावळट ठरतो, आणि मग कोलंबो आणि नैरोबीत ज्यांनी सह्या केल्या ते सहज सुटतात. केनियाच्या अपील न्यायालयाने जून 2020 मध्ये या रेल्वेचे कंत्राट देताना कायद्याने सांगितलेली प्रक्रिया पाळली गेली नाही असा निर्णय दिला. करारांचे कागद जनतेला पाहायला मिळाले ते नोव्हेंबर 2022 मध्ये, तोवर पहिली गाडी धावून पाच वर्षे झाली होती. वाद झाल्यास लवाद बीजिंगमध्ये बसेल, ही अटही लोकांना तेव्हा वाचायला मिळाली. मलेशियात महाथिर मोहम्मद सत्तेवर परतले आणि त्यांनी पूर्व किनारा रेल्वेचा करार पुन्हा वाटाघाटीला घेऊन 2019 मध्ये खर्च 65.5 अब्ज रिंगिटवरून 44 अब्जांवर आणला. चीन तिथेही तोच होता.

सावकाराची उपमा आपण सगळेच देतो, मीही दिली, म्हणून तिच्याबद्दल एक शब्द. 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि त्यातून 1879 चा दख्खनचा शेतकरी कायदा आला. त्या कायद्याने न्यायाधीशाला नुसता रोखा न पाहता कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. देशांच्या कर्जाला असे न्यायालयच नाही. मुख्यतः पाश्चात्त्य धनको देशांचा पॅरिस क्लब आहे, पण चीन त्याचा सदस्य नाही. झाम्बियाने नोव्हेंबर 2020 मध्ये हप्ता चुकवला. सरकारी धनकोंशी, ज्यांत चीन सर्वात मोठा होता, तत्त्वतः समझोता व्हायला जून 2023 उजाडले, आणि रोखेधारकांशी त्याहून पुढचे वर्ष. त्या मधल्या काळात नवे कर्ज मिळणे अवघड आणि बरीच कामे अडलेली. उरणकरांचा प्रश्न, की करार बदलायला सरकार कोणाशी भांडणार, त्याला माझ्याकडे इतकेच उत्तर आहे: प्रत्येकाशी वेगवेगळे, आणि वर्षानुवर्षे.

खाडीपलीकडचा (कोपरखैरणे)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेले काम केले. ग्राहकांनी 2018 च्या एका खेपेचे आयात घोषणापत्र शोधून पाठवले. आमचा माल विमा आणि भाड्यासह 22,000 डॉलरचा होता. आयात शुल्क, मूल्यवर्धित कर आणि आयात घोषणा शुल्क या ओळींच्या खाली खरोखरच ‘रेल्वे डेव्हलपमेंट लेव्ही’ अशी ओळ आहे आणि तिच्यासमोर 1.5 टक्क्यांप्रमाणे 330 डॉलरइतके शिलिंग भरलेले दिसतात. ही ओळ तिथे कायम होती. मला फक्त माझ्या बाजूचे कागद दिसत असल्याने ती कधी नजरेस पडली नाही.

मी त्यांना फोनवर विचारले की हे पैसे तुमच्या खिशातून गेले का. ते हसले आणि म्हणाले, पंपाच्या किमतीत घातले. पंप कोण घेतो असे विचारले, तर म्हणाले, बहुतेक नाकुरूकडचे शेतकरी, विहिरीवर आणि नदीवर बसवायला. नकाशा उघडून पाहिला. नाकुरू नैवाशाच्याही पलीकडे आहे. ती नवी रेल्वे नैरोबीहून पुढे वाढवली, पण 2019 मध्ये नैवाशाजवळ येऊन थांबली, कारण पुढच्या टप्प्याला चीनकडून कर्ज मिळाले नाही.

गाडीतल्या स्नेह्यांना उद्या हा कागद दाखवणार आहे. घणसोलीच्या आधी उरकेल असे वाटत नाही.